आई परत निघाल्यात आणि बाग माझ्या गळ्यात

न्यू जर्सीच्या मध्य भागातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही. पत्राचा सारांश असा:

सासू-सासरे एप्रिलच्या मध्याला आले, सहा महिन्यांचा मुक्काम संपवून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला परत निघतील. या काळात सासूबाईंनी बॅकयार्डात ४ बाय ८ फुटांचे तीन वाफे उभे केले. टोमॅटो, भेंडी, मिरची, दुधी, कारलं, कुंपणावर वालाचा वेल, पाण्याच्या नळाशी अळू, आणि डेकवर कुंड्यांत कढीपत्ता, तुळस, मोगरा, झेंडू. उन्हाळाभर घरात विकतची भाजी जवळजवळ आली नाही. आता नवरा म्हणतो, आई-बाबा गेले की एका शनिवारी सगळं उपटू आणि वर मल्च (माती झाकायचा लाकडाचा चुरा) टाकून मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, कढीपत्ता जिवापाड जपा आणि वालाला आत्ता कुठे फुलं आलीत, त्याला हात लावू नका. मैत्रीण लिहिते: "मी पूर्णवेळ नोकरी करते, मुलं लहान आहेत, बागेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक जरी झाड मेलं तरी व्हिडिओ कॉलवर मलाच उत्तर द्यावं लागणार. सगळं जगवायचं कसं? की सरळ सगळं काढून टाकू?"

उत्तर:

आधी दोन तारखा शेजारी ठेवून बघा. आई-बाबांचं विमान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तुमच्या भागात पहिला फ्रॉस्ट, म्हणजे पानांवरचं दव गोठवणारी रात्र, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत कधीही येते. म्हणजे आई हिरवीगार बाग डोळ्यांत घेऊन विमानात बसणार, आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत एका रात्रीत भेंडी, कारलं, टोमॅटो, अळू सगळं काळं पडून लोंबायला लागणार. हे तुम्ही पाणी घातलं नाही म्हणून होणार नाही, त्या इथे असत्या तरी झालंच असतं. पण त्यांनी पुण्यात हे कधी पाहिलेलं नाही आणि तुम्ही आजवर बागेकडे पाहिलेलं नाही, त्यामुळे दोघींनाही ते तुमच्या निष्काळजीपणाचं फळ वाटणार. तुमच्या काळजीचं मूळ बागकामापेक्षा या वेळेच्या योगायोगात जास्त आहे, आणि आई इथे असतानाच त्यावर बोलून घेणं हा निम्मा इलाज आहे.

दुसरं, "सगळं जगवायचं" या शब्दांत तुम्ही वेगवेगळ्या जातीची झाडं एका दावणीला बांधली आहेत. भेंडी, दुधी, कारलं, झेंडू ही एका हंगामाची झाडं. पुण्यातही आई ती हंगाम संपला की उपटूनच टाकत असणार. टोमॅटो आणि मिरची उबदार हवेत जास्त टिकतात, पण वाफ्यातला टोमॅटो जपण्यात कुणी शहाणा माणूस हिवाळा घालवत नाही. खरोखर जपायच्या गोष्टी उरतात त्या एवढ्याच: कढीपत्ता, मोगरा, अळूचे कंद, तुळशीच्या दोन-चार फांद्या आणि बी. ही यादी एका खिडकीत आणि तळघराच्या एका कोपऱ्यात मावते. बाकी सगळं खायचं.

आता तारखा विसरा आणि रात्रीचा पारा बघायला लागा. फोनवर रात्रीचं किमान तापमान दिसतं, तेवढं पुरे. रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर (१३ सेल्सियस) यायला लागल्या की कुंड्या आत आणायची तयारी सुरू करायची. ५० च्या (१० सेल्सियस) खाली जाण्याआधी कढीपत्ता आणि तुळस आत असली पाहिजे. आणि ॲप ३६ दाखवत असेल, आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर ती फ्रॉस्टची रात्र समजा. ३२ ला पाणी गोठतं हे खरं, पण ॲपमधला आकडा जमिनीपासून पाच-सहा फुटांवरच्या हवेचा असतो. स्वच्छ, स्थिर रात्री जमीन त्याहून बरीच थंड होते आणि पानांवरचं दव गोठतं. "३६ म्हटलं होतं, तरी झाडं कशी गेली?" या दरवर्षीच्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

पहिल्या फ्रॉस्टनंतर बरेचदा आठ-दहा दिवस पुन्हा छान उबदार जातात, म्हणून ती एक रात्र टोमॅटो-मिरची झाकावीशी वाटेल. झाकायचं तर जुनी चादर किंवा बागेचं पांढरं कापड घ्या, ते जमिनीपर्यंत येऊ द्या आणि कडांना दगड ठेवा. ऊब जमिनीतून वर येते, त्यामुळे खोडाशी गाठ मारून बांधलेली चादर काही उपयोगाची नाही. प्लास्टिक पानांना टेकलं तर टेकलेली पानं जळतात. दुपारी वाफ्याला पाणी द्या, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. सकाळी ऊन आलं की कापड काढा. हे एकदा-दोनदा करा. रोज रात्री आठ फुटी वेलाला चादरी नेसवत बसू नका.

वालाचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यावरून तुमच्या घरात भांडण होईल अशी चिन्हं आहेत. आपल्याकडच्या वाल-पावट्याच्या बऱ्याच जुन्या जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावरच येत नाहीत. कोकणात ते चालतं, कारण तिथे पुढे गोठवणारी थंडी नसते. म्हणून तर रायगडात पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लागते ती ऐन हिवाळ्यात. न्यू जर्सीत मात्र जूनचा दिवस १५ तासांचा, वेल नुसता पानं करत बसतो, सप्टेंबरात फुलतो आणि शेंगा भरायच्या वेळी फ्रॉस्ट येतो. आईंचं काही चुकलेलं नाही, तुमचंही चुकणार नाही, जात आणि अक्षांश जुळत नाहीत. तेव्हा वेल ठेवा, शेंडे खुडा म्हणजे नवी पानं करण्यात जोर जाणार नाही, आणि शेंग दाणा भरण्याची वाट न बघता कोवळी असतानाच तोडा. पुढच्या वर्षी झुडपी, लवकर येणारी, दिवसाच्या लांबीवर न अडणारी जात शोधा. वालासारखा हट्टी वेल पुन्हा लावायचा की नाही, हे आईंनी ठरवावं. माझं मत विचाराल तर त्या कुंपणावर दोन कारली जास्त लावा.

टोमॅटोला आजच हात घाला. फूल धरल्यापासून फळ पिकेपर्यंत ४० ते ५० दिवस लागतात, थंड रात्रींत त्याहून जास्त. म्हणजे सप्टेंबरात आलेलं फूल हे आता फूलच राहणार. प्रत्येक फांदीचा शेंडा आणि सगळी फुलं खुडून टाका, म्हणजे झाडाची ताकद धरलेल्या फळांकडे जाईल. फ्रॉस्टच्या आदल्या दिवशी झाडावरची सगळी फळं तोडून आत आणा आणि दोन ढीग करा. ज्याचा हिरवा रंग फिका, पांढुरका झाला आहे आणि बुडाशी किंचित गुलाबी झाक आली आहे, ते घरात पिकतं. शंका आली तर एक कापून बघा: बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि सुरीपुढे बी कापली न जाता घसरत असेल, तर त्या आकाराची बाकीची पिकतील. ती एका थरात, एकमेकांना न टेकवता, ६० ते ७० अंशांत ठेवा, सोबत एक पिकलेलं केळं. खिडकीत उन्हात ठेवायची गरज नाही, फ्रीजमध्ये तर नकोच. दर दोन दिवसांनी बघून डाग पडलेलं काढा. गडद हिरवी, कडक फळं पिकणार नाहीत. त्यांची तीळ-शेंगदाणे घालून चटणी किंवा कूट लावून भाजी करायची. आई जायच्या आत एक खेप करून घ्या, म्हणजे प्रमाण विचारायला फोन करावा लागणार नाही. किंवा मुद्दाम करा, तेही चांगलं.

मिरच्या तोडून देठासकट पिशवीत भरून फ्रीझ करा. भेंडी थंड रात्रींत वाढतच नाही, उरलीसुरली चार इंचांची असतानाच काढा, नाहीतर नुसता दोर होतो. कारली लहान असली तरी तोडा. दुधीबाबत मात्र एक गोष्ट गंभीरपणे घ्या. हंगामाच्या शेवटी ताणात वाढलेला दुधी कधीकधी कडू निघतो, आणि कडू दुधी विषारी असतो. प्रत्येक दुधी चिरताना कच्चा बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. मीठ लावून, शिजवून, रसात साखर घालून तो सुधारत नाही.

आता कढीपत्ता, कारण पत्रात सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच दिसते.

तो थेट डेकवरून उचलून दिवाणखान्यात ठेवू नका. रात्री ५५ च्या आसपास आल्या की आठ-दहा दिवस कुंडी सावलीत ठेवा, म्हणजे कमी उजेडाची सवय होते. त्याच आठवड्यात किडींचा बंदोबस्त करा. बाहेर पाऊस, वारा, चांगले किडे हे सगळे मिळून कीड आटोक्यात ठेवतात. घरात हीटिंग सुरू झालं की कोरड्या उबेत कोळी नावाची बारीक कीड पंधरा दिवसांत झाड खाऊन टाकते. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी आहे. खोडावर तपकिरी, न हलणारे पुटकुळीसारखे उंचवटे आणि पानं चिकट, तर ती खवले कीड. उंचवटे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. मग पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, आणि बागेच्या दुकानात मिळणारा कीटकनाशक साबण पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदा फवारून थांबण्यात अर्थ नाही, कारण अंडी साबणाने मरत नाहीत आणि आठवड्याने पुढची पिढी हजर होते. कुंडीचं बूडही उलटून बघा. सप्टेंबरपासून स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाची झाडांची कीड मिळेल त्या पृष्ठभागावर अंडी घालते, वाळलेल्या चिखलाचा पट्टा लागल्यासारखी दिसतात. ती खरवडून हँड सॅनिटायझरच्या पिशवीत टाकायची.

आत दक्षिणेची खिडकी निवडा, हीटिंगचं व्हेंट जिथे नाही अशी. हिवाळ्यातला काचेतून येणारा उजेड कढीपत्त्याला अपुरा पडतो. पाने टिकवायची असतील तर एक एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून फूटभर वर, टायमरवर १२ ते १४ तास. नसेल परवडत किंवा नको असेल तर नका लावू, पण मग जानेवारीपर्यंत झाड पानं गाळेल हे आधीच मान्य करा. पानं गळाली म्हणजे मेलं नाही. खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड झोपलं आहे. अशा झोपलेल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरे. पानं असलेल्याला वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच, कोमट पाणी.

घरोघरी कढीपत्ता मरतो तो थंडीने कमी आणि प्रेमाने जास्त. पानं पिवळी पडली की भूक लागली असं समजून आपण खत घालतो, पाणी घालतो, आणि आपल्याकडची खास रीत म्हणजे ताक घालतो. मुळं थंड आणि ओली राहिली की कुजतात, कुजली की पानं पिवळी पडतात, पिवळी पडली की आणखी ताक. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खत बंद, ताक बंद. घरातल्या कुंडीत ताकाचा वास आणि मातीवर उडणारी चिलटं वेगळीच. कुंडी बदलायची असेल तर मार्चनंतर. छाटणीही तेव्हाच. आत्ता फक्त दारातून जात नसतील तेवढ्याच फांद्या कापा. त्यांची पानं धुऊन, पूर्ण कोरडी करून डब्यात फ्रीझ करा. वापरताना वितळू द्यायची नाहीत, काळी पडतात. गोठलेलीच फोडणीत टाका, जरा लांब उभं राहून.

हे सगळं केल्यावरही झाड मरू शकतं. इंडियन ग्रोसरीत किंवा एखाद्या ओळखीच्या घरी पिल्लू मिळतं. आईंना हे वाक्य आत्ताच ऐकवून ठेवा.

तुळशीचा प्रश्न झाडाइतकाच मनाचा आहे. मंजिऱ्यांनी भरलेली, खोड लाकडासारखं झालेली उन्हाळ्याची तुळस आत आणली तर बहुतेक डिसेंबरात जाते. आणि अशी तुळस घरात सुकली की आपल्याला उगाच अपशकुनासारखं वाटतं. त्याऐवजी आत्ता चार इंचांच्या, मंजिरी नसलेल्या पाच-सहा फांद्या कापून खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. दोन-दोन फांद्या एका लहान कुंडीत लावा. तुळशीचं लग्न बहुतेक नोव्हेंबरात येतं, तोवर ही कोवळी रोपं ताजी असतील. जुन्या झाडाच्या मंजिऱ्या वाळवून चुरगाळून बी ठेवा. वाळलेलं झाड कचऱ्यात टाकायला जीव होत नाही, तर ते वाफ्यातच पुरा.

मोगऱ्याला घरात जरा थंड पण उजेडाची जागा चालते, पाणी कमी, फुलांची अपेक्षा शून्य. झेंडू दसऱ्याला तोरणासाठी कापून टाका. पुढच्या वर्षासाठी दोन फुलं झाडावरच पूर्ण सुकू द्या, काळ्या काडीला फिकट शेपूट असते तेच बी.

अळूच्या पानांच्या वड्या आई असतानाच करा, उकडलेले उंडे फ्रीझरमध्ये मजेत राहतात. कंदांना मात्र घाई नको. पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडली की दोन-तीन दिवसांत खणा, जमीन गोठेपर्यंत थांबू नका. देठ दोन इंच ठेवून कापा, माती हाताने झटका, धुऊ नका. धुतलेला कंद साठवणीत सडतो. गॅरेजमध्ये दोन-तीन दिवस वाळवून कागदी पिशवीत लाकडाच्या भुश्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवा, ५० ते ५५ अंशांच्या कोपऱ्यात, हीटिंगच्या यंत्रापासून लांब. महिन्यातून एकदा चाचपून मऊ पडलेला काढा. पुन्हा बाहेर लावायचे ते मेच्या मध्यानंतर.

तुमच्या नवऱ्याच्या योजनेत तथ्य आहे, फक्त ती सरसकट आहे. टोमॅटोची डाग पडलेली पानं, पांढरी भुकटी आलेले दुधीचे वेल, किडलेली फळं हे सगळं उचलाच, आणि घरच्या कंपोस्टमध्ये न टाकता टाउनशिपच्या यार्ड वेस्टमध्ये द्या, कारण घरचा ढीग रोग मारण्याइतका तापत नाही. निरोगी झाडं मात्र उपटण्यापेक्षा जमिनीलगत कापा आणि मुळं आत कुजू द्या, वालाची तर नक्कीच, त्यांच्या गाठींत नत्र असतं. वर विकतचं लाकडी मल्च नको. ते पुढच्या वर्षी मातीत मिसळलं की कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. अंगणात पडणाऱ्या पानांवरून दोनदा मोअर फिरवा आणि तो चुरा तीन-चार इंच पसरा. फुकट आहे आणि एप्रिलपर्यंत माती मऊ करून ठेवतो.

रिकाम्या वाफ्याची थोडी माती आत्ताच तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा हे काम करते. भाज्यांना मातीचा पीएच (आम्लतेचा आकडा) ६.२ ते ६.८ लागतो, तो कमी निघाला तर चुना घालावा लागतो, आणि चुन्याला मातीत मुरायला महिने लागतात. मे महिन्यात कळून उपयोग नसतो.

आता एक पर्याय, जो तुमच्या पत्रात नव्हताच. इथला फॉल म्हणजे बागेचा शेवट असं तुम्ही दोघांनी धरलं आहे. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांना जुलैची उष्णता सोसत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरची हवा मात्र अगदी मानवते. हलका फ्रॉस्ट ही सगळी सहन करतात. बियांसाठी एक चांगलं झाड सोडून भेंडीचा वाफा या आठवड्यात मोकळा करून चार चौरस फुटांत मोठा चमचाभर मेथी फेकून पेरा, वर अर्धा इंच माती, रोज हलकं पाणी. तीन-चार दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत जुडी हातात येते. म्हणजे आई जायच्या आत त्यांच्या हातची मेथीची भाजी होते. धणे रगडून दोन दले करून पेरा, त्यांना उगवायला आठवडा-दीड आठवडा लागतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दिवस दहा तासांच्या खाली जातो आणि वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा सप्टेंबर उलटल्यावर पेरून हाती फारसं काही लागत नाही.

आणि लसूण. ज्याला बागेतलं काही कळत नाही त्याच्यासाठीच ते पीक आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावायचा, हार्डनेक (मधे कडक दांडा असलेल्या) जातीचा, बियाण्याचा म्हणून विकलेला. किराणा दुकानातला लसूण पुष्कळदा उबदार प्रदेशातला असतो किंवा कोंब येऊ नये म्हणून प्रक्रिया केलेला असतो. ४ बाय ४ फुटांत सहा-सहा इंचांवर ६४ पाकळ्या बसतात, त्याला साधारण १० गड्डे लागतील. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, वर चार-सहा इंच पानांचा चुरा. त्यानंतर एप्रिलपर्यंत बघायचंसुद्धा नाही. वसंतात कोवळी पात, जुलैच्या सुमारास गड्डे. हिवाळाभर आईंना सांगायला काहीतरी जमिनीत आहे, हा फायदा वेगळाच.

हे काम वाटून घ्या. उपटणं, पानं पसरणं आणि बाहेरचा नळ बंद करणं नवऱ्याकडे. नळाचं विसरू नका: होस काढायचा, आतला व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेरची तोटी उघडी ठेवायची, नाहीतर जानेवारीत नळी फुटते. मातीच्या रिकाम्या कुंड्याही गॅरेजमध्ये, ओल्या राहिल्या तर गोठून तडकतात. तुमच्याकडे फक्त कढीपत्ता आणि तुळस. एवढंच कबूल करा आणि तेवढंच करा.

आईंशी बोलायचं कसं, हा प्रश्न उरतोच. तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना प्रत्येक झाड जिवंत हवं आहे. कदाचित त्यांना एवढंच हवं असेल की सहा महिन्यांच्या कष्टाला कुणी कचरा समजू नये. विचारल्याशिवाय कळणार नाही. या रविवारी त्यांच्याबरोबर बागेत फिरा, हातात सुतळी घेऊन. "आई, इथे तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत सगळं काळं पडतं, आम्ही काही केलं तरी. त्यातलं काय वाचवायचं ते तुम्हीच सांगा, आम्हाला तीन-चार कुंड्याच जमतील." निवडलेल्याला सुतळी बांधा. शेजारच्या घरांतल्या गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरचे फोटो कुणाकडे असतील तर दाखवा. आणि त्या गेल्यावर पहिला फ्रॉस्ट पडेल त्या सकाळी काळी पडलेली बाग लपवू नका, तुम्हीच फोटो पाठवा. लपवलेली गोष्ट तिसऱ्या कॉलला बाहेर येतेच.

बी धरण्याचं काम पूर्णपणे आईंकडे द्या. चांगल्या भेंडीच्या झाडावर दोन शेंगा आत्तापासून सोडा, त्या तपकिरी होऊन कडांना चिरेपर्यंत. कारलं केशरी होऊन उकललं की लाल गर चोळून काढून बी सावलीत आठ-पंधरा दिवस वाळवायचं, कागदी पाकिटात नाव आणि वर्ष लिहून, बरणीत, फ्रीजमध्ये. रोप आणताना लेबलवर एफ-वन (संकरित) लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढची पिढी तशी येत नाही. दुधीचं बी धरण्याआधी शेजारीपाजारी पक्ष्यांची घरटी करायचे कडक सालीचे भोपळे कुणी लावलेत का ते बघा. त्यांच्याशी दुधीचा संकर होतो, आणि पुढच्या वर्षीचा दुधी कडू निघू शकतो.

हे बी इथेच ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात येताना आई पुण्याहून पुड्या बांधून आणायचं म्हणतील, तेव्हा प्रेमाने अडवा. पेरायचं बियाणं अमेरिकेत आणायला भारतातल्या अधिकृत यंत्रणेचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र किंवा आधी काढलेला परवाना लागतो. न सांगता आणलेलं सापडलं तर जप्ती आणि दंड. मातीसकट रोप आणि ताजा कढीपत्ता तर नाहीच. कढीपत्त्यावरून येणारी एक बारीक कीड लिंबू-संत्र्याच्या झाडांना मारणारा रोग पसरवते, म्हणून त्यावर कडक बंदी आहे. मेथी, धणे आणि मोहरी इथल्या इंडियन ग्रोसरीतली, स्वयंपाकासाठी आणलेली पेरली तरी उगवतात. त्यांच्यासाठी आईंनी बॅगेतली जागा घालवू नये, तिथे भाजणीचं पीठ आणावं.